तिसऱ्या हाकेला

मागच्या सोमवारी भर दुपारी मी खासदारांच्या बंगल्यावर एकटीच गेले होते. अजून आठवलं की अंगावर काटा येतो, म्हणून लिहून टाकते...

त्यांचं नाव लिहीत नाही. आम्ही आबाच म्हणतो. पक्षाने त्यांना काढून टाकल्याचं टीव्हीवर आलं आणि आमच्या सावखेड्यात जो तो राजकारणातला मास्तर झाला. पक्षच नाही तर खासदारकी कसली, आता आबांना कोण विचारतंय, असं पारावर सगळ्यांचं ठरूनही गेलं.

मला राजकारणाशी काय देणंघेणं हो? माझा नवरा आखातात क्रेन चालवायला गेलाय. मालकाने त्याचा पासपोर्ट दाबून ठेवलाय, घरी येऊ देत नाही. फोनवर "जेवलो" म्हणतो ना, तेव्हा मला कळतं की नाही जेवला. आबांनी दूतावासाशी बोलणं सुरू केलं होतं आणि नेमकं मध्येच हे!

आधी पक्षाच्या ऑफिसात गेले. ओळखीचा कार्यकर्ता, पण असा बघायला लागला जसं काही मी गेलेल्या माणसाचा पत्ता विचारतेय. "ताई, ते आता कुणाचेच नाहीत. नवीन माणूस ठरू द्या, मग बघू." अरे, तोपर्यंत माझा माणूस तिथे वाळत बसणार का? डोकंच फिरलं माझं. म्हटलं, जायचं तर थेट आबांकडेच.

निघताना सासूबाईंनी दारातच अडवलं. "भर दुपारनी जाई राहिनी... कोनी हाक मारी ते पयली हाकले ओ देवानी नही. तिसरी हाक होऊ दे." पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, कारण जे माणूस नसतं ते तिसऱ्यांदा हाक मारत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी हसले आणि रिक्षात बसले.

हायवेला पक्षाचे फ्लेक्स तसेच होते, फक्त आबांचा चेहरा कुणीतरी ब्लेडने गोल कापून नेला होता. बाकी सगळे नेते हात जोडून हसतायत आणि मधल्या भोकातून मागचं उजाड रान दिसतंय. एका खांबावर नाही, अख्ख्या रस्त्याला. माझं हसू तिथेच आटलं.

बंगल्याचं फाटक सताड उघडं. सोमवार म्हणजे आबांच्या दरबाराचा दिवस, एरवी चपला काढायला जागा नसायची. आज मांडव होता, खुर्च्यांच्या रांगा होत्या, वर पंखे गरगरत होते... आणि माणूस एक नाही. साधं कुत्रंसुद्धा नाही.

आणि आतून आवाज आला. "वडगाव..." मग शांतता. "वडगाव..." पुन्हा शांतता. "वडगाव..."

मग "पिंप्री..."

आबा मूळचे वकील. कोर्टात पुकारतात तसं दरबारात एकेका गावाला तीनदा पुकारायचे, की त्या गावच्या लोकांनी पुढे यायचं. हे मला माहीत होतं. पण आज कुणाला पुकारत होते? मी खांबाआडून पाहिलं. ओसरीवर पांढऱ्या कपड्यात ताठ बसलेले, समोर मांडवातल्या रिकाम्या खुर्च्या. तिसऱ्या हाकेनंतर जरा थांबायचे, मान हलवायचे, जणू कुणी काही सांगतंय.

"सावखेडा..."

माझं तोंड उघडलं आणि मिटलं. सासूबाई आठवल्या.

"सावखेडा..."

मग आबा थांबले. इतका वेळ थांबले की मला वाटलं, आता तिसरी हाक येतच नाही. तिसरी हाक नाही म्हणजे समोर कोण बसलंय देव जाणे... आणि माझ्या नवऱ्याचं आता कुणीच नाही.

"सावखेडा..." अगदी बारीक आवाजात.

"ओऽऽ!" मी केवढ्यांदा ओरडले म्हणून सांगू!

आणि आबाच दचकले! चष्मा मांडीवर पडला. माझ्याइतकेच भेदरून बघायला लागले. "कोण आहे?"

"मी आबा... सावखेड्याची. क्रेनवाल्याची बायको."

जवळ आले, नीट न्याहाळलं. "खरंच आलीस ना गं?" डोळे भरले होते त्यांचे. "पक्षाने काढलं म्हणून खासदारकी जात नाही, पोरी. सभागृहात बसायची जागा बदलेल फक्त. कायदा पाठ आहे मला... पण या खुर्च्या बघितल्या की मलाच खरं वाटत नाही."

मग तिथूनच त्यांनी दिल्लीला परराष्ट्र खात्यात फोन लावला. "हो, खासदारच बोलतोय... नाही, आता कुठल्या पक्षाचा नाही." हे म्हणताना त्यांची पाठ वाकली. माझ्याच्याने राहवलं नाही. मी फोनला ऐकू जाईल अशी ओरडले, "पक्षाने काढलंय, आम्ही नाही काढलेलं!"

आबांची पाठ सरळ झाली. म्हणाले, "माझ्या मतदारसंघातला माणूस आहे. इथे उत्तर नाही मिळालं तर सभागृहात विचारीन."

काल नवऱ्याचा फोन आला. दूतावासातून माणूस कंपनीत येऊन गेला. पासपोर्ट अजून हातात नाही, पण मालक पहिल्यांदाच नीट बोलला म्हणे. ह्या वेळी "जेवलो" म्हणाला ते खरं वाटलं मला.

आज पुन्हा सोमवार. काही काम नव्हतं, तरी गेले. सासूबाईही हट्टाने सोबत आल्या. खुर्च्या तशाच रिकाम्या. "सावखेडा..." अशी पहिली हाक आली मात्र, आणि माझ्या आधी सासूबाईंनीच खणखणीत ओ दिली!

"अहो, तिसरी हाक?" मी कानात विचारलं.

"जित्ता माणूस शे ना तो," म्हणाल्या. "त्याले कितली वाट पाहाले लावशी?"

वडगाव, पिंप्रीवाल्यांनो, वाचताय ना? दर सोमवारी तुमच्या गावाच्या नावाने तीनदा हाक होते... कुणीतरी जाऊन ओ द्या रे.