नंदकुमारची प्रॉक्सी

नंदकुमार दाभोळकर कुवेतमधल्या फहाहीलच्या एका दवाखान्यात एक्स-रे, ईसीजीची यंत्रं दुरुस्त करतो. यंत्र त्याच्या हाती आलं की मुकाट्याने चालू लागतं. त्यामुळे गेल्या आठवड्यात तो लॅपटॉपपुढे हात टेकून बसलेला दिसला, तेव्हा मला हसू आलं. शेजारी असून हसलो, हे कबूल करतो.

शनिवारी रत्नागिरीला त्याच्या आईची पंचाहत्तरी होती आणि याला रजा नव्हती. मग गडी पेटला. नातेवाइकांकडून शुभेच्छांच्या क्लिपा मागवायच्या, जोडून फिल्म करायची, समारंभात लावायची. पण ताईची क्लिप आली की एडिटिंगचं सॉफ्टवेअर गोठायचं. दर वेळी तिथेच. लॅपटॉपला टेबलफॅन लावून झाला, निम्म्या फायली उडवून झाल्या, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकून झालं. मावशी चालते, मामा चालतो, मग ताईचंच घोडं का अडतं?

शुक्रवारी दुपारी त्याची दहावीतली लेक स्पृहा मागून डोकावली. स्क्रीनवर प्रश्न होता: क्लिप जड आहे, प्रॉक्सी बनवू का? नंदकुमारने नेहमीसारखं 'नको' दाबलं.

"बाबा, व्हाय नो?"

"अगं, कॉलेजात चार वर्षं मी कुणाची प्रॉक्सी लावली नाही. आता सख्ख्या बहिणीची खोटी हजेरी लावू?"

पोरगी बघतच राहिली. "हजेरी? इट्स जस्ट अ स्मॉल कॉपी, बाबा! एडिटिंगपुरती. फायनलमध्ये ओरिजिनलच जाते."

"मग छोटी प्रत म्हणायला काय धाड भरली होती?"

तिने 'हो' दाबलं. ताई घडाघडा बोलू लागली. संध्याकाळी फिल्म रत्नागिरीला पोचलीसुद्धा.

शनिवारी आईचा फोन आला, तेव्हा मी त्याच्याकडे चहाला होतो. फोन स्पीकरवर होता.

"सगळी दिसली हो. मामा किती थकलाय! पण नंदू, तू कुठे रे?"

नंदकुमार माझ्याकडे बघू लागला. एकवीस क्लिपा त्याने जोडल्या होत्या आणि स्वतःची घ्यायचीच राहिली होती. मला त्या माणसाची फार दया आली.

"माझ्या चष्म्याचा काही भरवसा नाही," आई म्हणत होती, "म्हणून पुन्हा लावायला सांगितलीय. फोन ठेवू नको हां. तू कितव्या मिनिटाला येतोस, तेवढं सांग."