नाव छापा, जात नोका
नागपूरच्या इस्पितळात भेटलेला तो उमरेडचा म्हातारा आरशातल्या स्वतःलाही आधी गाव विचारत असेल. मी बाकावर जागा दिली, तर त्यानं वाकून बाकाखाली पाहिलं! सोबत मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जातंतूंच्या विकारानं पाय लुळे पडलेली थोरली लेक. या आजाराचा धोका एखाद्या जातीच्या रक्तातच जास्त असतो का, हे शोधायला डॉक्टरीणबाई नातेवाइकांचं रक्त घेत होत्या.

"अहवालात नाव छापत नाही, काका. फक्त जात."

म्हाताऱ्यानं बाही खाली ओढली. "नावच छापा ना, बाई! त्यानं माह्या धाकटीचंच लगन मोडन. जात छापली तं साऱ्याइच्या पोरी घरी बसतीन."

"बाबा, द्या ना," लेक म्हणाली. "मले हे काहून झालं, समजू तं द्या."

त्यानं हात पुढं केला. सुई टोचली, तरी नजर बाईंच्या पेनावरच होती.