दहा वेळा शॅम्पू

"चंपी? चंपी रस्त्यावर करतात. इथं काय म्हणायचं?"

"हेड मसाज, मॅडम."

"आणि त्याआधी काय करतो आपण?"

"शांपू."

"शॅम्पू. दहा वेळा म्हण."

खराडीतलं मोठं सलून. ट्रेनर मॅडम माझ्या समोर उभ्या. खुर्चीत गिऱ्हाईक बाई, माझी बोटं तिच्या केसांतल्या फेसात. माझी चूक एवढीच, की मी तिला विचारलं होतं, "ताई, चंपी करू का?"

मी दहा वेळा म्हटलं. सहाव्या वेळेला ती बाई हसायला लागली. तिचं डोकं हसून हलत होतं आणि मी ते हलणारं डोकं धूत होते.

त्या दिवसापासून माझं नाव चंपी पडलं. "चंपी, टॉवेल." "चंपी, खाली केस पडलेत."

माझे वडील, अण्णा, न्हावी. विश्रांतवाडीत दोन खुर्च्यांचं दुकान. त्यांच्या हातची चंपी घ्यायला लोक येरवड्याहून येतात. मी हे काम त्यांच्याकडूनच शिकले. सलूनमध्ये कुणाला सांगितलं नव्हतं. लाज वाटायची. आता त्या लाजेची लाज वाटते.

उच्चार सुधारावा म्हणून घरी जाताना बसमध्ये मोबाईलवर डिक्शनरी उघडली. कानात इयरफोन. शॅम्पू. शॅम्पू. खाली शब्दाचं मूळ दिलं होतं. हिंदी 'चाँपो'. म्हणजे दाबा, रगडा. चंपीसुद्धा त्याच घरातली.

अभिमान वगैरे काही वाटला नाही. संताप आला. 'चाँपो' हा हुकूम आहे. कुणीतरी गोरा साहेब आडवा पडला असेल, कुणीतरी त्याचं अंग रगडत असेल. साहेबानं तेवढा हुकूम उचलून नेला. रगडणाऱ्याचं नाव त्या डिक्शनरीत नव्हतं.

घरी अण्णांना दाखवलं. त्यांनी मोबाईल लांब धरून पाहिला.

"असंल. पण तिथं बोलू नको. काम जाईल."

आठ दिवस मी अण्णांचं ऐकलं.

मग नव्या मुली कामावर आल्या. मॅडमनी मला दंडाला धरून पुढं आणलं. "ही आपली चंपी. हिला शॅम्पू म्हणता येत नाही." मुली हसल्या. घाबरून हसल्या. पहिल्या दिवशी मीही तशीच हसले असते.

मी दंड सोडवून घेतला.

"मॅडम, माझं नाव चंपी नाही. आणि शॅम्पू हा शब्द चाँपोवरून आलाय. माझे वडील जे काम करतात, त्या कामावरून."

"एवढं कळतं तर इंग्लिशमध्ये सांग ना."

"नाही. मराठीतच सांगितलं. तुम्हाला कळलंय."

कुणी हसलं नाही. कुणी माझ्या बाजूनंही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनी कागद पुढं सरकवला. इंग्रजीत टाइप केलेला माफीनामा. मी उद्धट वागले, पुन्हा असं होणार नाही. खाली माझं पूर्ण नाव, एका अक्षराची चूक नाही.

"सही होईपर्यंत गिऱ्हाइकाला हात लावायचा नाही."

तीन आठवडे झाले. मी मागच्या खोलीत टॉवेलांच्या घड्या घालते. अण्णा म्हणतात, "कर की सही. कागदच हाय." मॅनेजर रोज तो कागद आणतात. मी रोज तो पूर्ण वाचते आणि परत देते.

मला काढायचं तर काढा. काढण्याचं कारण तुमच्या हातानं लिहा. सही मी करणार नाही.