जप्तीतल्या जहाजाचा कप्तान

शाळा मी चौथीत सोडली. लाँचचं सुकाणू धरलं ते मात्र अजून सोडलेलं नाही. फुजैरा बंदराच्या बाहेर जहाजं नांगर टाकून उभी असतात, त्यांना भाजी, अंडी, पाणी पोचवायचं हे माझं काम. मुलगा शारजात अल मजाजला राहतो. दर रविवारी म्हणतो, बाबा, आता खलास करा. मी ऐकत नाही.

त्यांतलं एक जहाज जप्तीतलं. त्याचा मालक परदेशातला बडा शेठ. त्याच्या देशाने शेजाऱ्यावर लढाई लादली, त्यात शेठचाही हात, म्हणून कोर्टाने जहाज जप्त केलं. ते विकून येईल तो पैसा लढाईत मोडलेल्या देशाच्या दवाखान्यांना जायचा होता. देशांची नावं मी घेत नाही. नावं घेतली की मुलाच्या बिल्डिंगमध्ये वाद पेटतो. मी मुलाला म्हटलं, दुसऱ्याचा माल विकून कसलं रे दान? तो म्हणाला, ज्यांनी दवाखाने पाडले त्यांच्याच खिशातून जातंय ना. नातू इंग्लिशमध्ये काहीतरी बोलला, दोघे हसले. मी जेवून उठलो.

जहाजावर राखणीला कप्तान आणि मोजके खलाशी होते. कप्तान शेठच्याच देशाचा, वयाने माझ्याएवढा. कधीही जा, हा स्वतः पत्र्यावरचा गंज खरवडत बसलेला. भाजीचे रिकामे क्रेट दोरीने खाली सोडायचा ते धुऊन. बाकीच्या जहाजांवरून क्रेट येतात ते सडक्या कोबीसकट. माझा मल्याळी इंजिनवाला म्हणायचा, "चाचा, ये बुड्ढा भी तेरे जैसा हट्टी है."

एकदा शेठचा माणूस माझ्याच लाँचमधून वर गेला आणि तणतणत खाली आला. काय झालं ते पुढच्या फेरीला कप्तानाने सांगितलं. त्याचं इंग्लिश मोडकं, माझं त्याहून मोडकं, पण समजलं. काही करू नकोस, एवढंच शेठच्या माणसाने त्याला सांगितलं होतं. खाऱ्या हवेत जहाज आपोआप कुजतं. इंजिन जाम झालं, नांगर अडकला, की भंगाराच्या भावात जाणार आणि तिकडच्या दवाखान्यांना चिंधी मिळणार. ऐकलं नाही तर गावी गद्दार म्हणतील, पेन्शन बंद.

मी विचारलं, "मग कोणासाठी घासताय, साब?"

ब्रश खाली ठेवून तो म्हणाला, "नोकरी धरली तेव्हा मालकाचा पैसा कुठून येतो, हे मी विचारलं नाही. आता कुठे जातो, ते विचारलं. दवाखान्यात, म्हणाले. म्हणून घासतो."

जहाज विकत घ्यायला आलेली माणसं मीच वर पोचवली आणि लाँच बाजूला घेऊन थांबलो. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. नांगर मात्र किती महिने चिखलात रुतलेला. साखळी ताणली, यंत्र कण्हलं आणि थांबलं. इंजिनवाला म्हणाला, गेलं भंगारात. कप्तानाने खलाशाला बाजूला केलं, साखळी थोडी सैल सोडली, परत ओढली. परत सैल, परत ओढ. मी खालून नुसता बघत होतो आणि माझ्याच मुठी वळलेल्या. शेवटी काळा चिखल गाळत नांगर पाण्याबाहेर आला. कप्तानाने पाण्याचा पाइप मागवला आणि सगळ्यांसमोर नांगर धुतला.

जहाज चालू जहाजाच्या भावात विकलं गेलं. पैसा दवाखान्यांना पोचल्याचं मुलाने फोनवर वाचून दाखवलं. मी हं म्हटलं. जप्ती बरोबर की चूक, ते मी अजून कबूल केलेलं नाही.

कप्तान उतरला त्या दिवशी आधी क्रेट खाली आले, धुतलेले. गावी तो जाणार नव्हता, मुलीकडे दुसऱ्याच मुलखात निघाला होता. आजवर कुठल्या कप्तानासाठी मी सुकाणू सोडून उठलो नाही. दोरशिडीने ते आपले उतरतात. त्या दिवशी सुकाणू इंजिनवाल्याच्या हातात दिलं, पुढे गेलो आणि तो खाली येईपर्यंत शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली.