कानामागचा चाफा

बालीला जायचं होतं मी आणि आमच्या ह्यांनी. पण सहलीसाठी नावं द्यायची वेळ आली तसे ह्यांनी हात वर केले. गोठा कोण बघणार म्हणे. आमच्या काष्टी गावात गोठा असलेल्या माणसाचं पहिलं लग्न गायींशीच झालेलं असतं, बायको नंतर. मी चिडून म्हटलं, ठीक आहे, तुमच्या जागी तुमच्या आईला नेते. त्यांना वाटलं, रागात बोलतेय. रागातच बोलले होते, पण नेलंच.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. विमानात त्या माझा दंड धरून बसल्या होत्या, सकाळी बघितलं तर हिरवानिळा डाग. तसा डाग घेऊन मी परदेशातल्या पहिल्या दिवसाला निघाले.

हॉटेलच्या दारात एक हसरी पोरगी पांढऱ्या चाफ्याचं ताट घेऊन उभी होती. येईल त्या पाहुण्याच्या कानामागं फूल खोवत होती. बाया नाही, बाप्ये नाही, कुणालाच सोडत नव्हती. आमच्यासोबत श्रीगोंद्याचे एक रिटायर्ड हेडमास्तर होते, जन्मात कधी हसले नसतील, ते सुद्धा फूल लावून घेऊन लाजले. ती आत्यांपाशी आली आणि आत्या झटकन मागं सरकल्या. मान फिरवून माझ्याकडे हात केला, हिला दे म्हणून. पोरीचं तोंड एवढंसं झालं.

माझ्या सासऱ्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. ते असताना आत्यांचा एक दिवस बिनफुलाचा गेला नव्हता. बाजाराच्या दिवशी ते अबोलीचा गजरा आणायचे, भाजीच्या पिशवीत अगदी वर ठेवून, चेंगरू नये म्हणून. ते गेले त्या दिवसापासून आत्यांच्या केसांत फूल नाही. घरी मी कधी विषय काढला, की त्या उठून दणादणा भांडी घासायला लागायच्या. आता मी कानाशी लागून म्हटलं, अहो आत्या, इथं तुम्हाला कोण ओळखतंय?

"मी हाय न्हवं वळखायला," त्या म्हणाल्या.

मग मी बसमध्ये तोंड फुगवून बसले. मी शाळेत शिकवते, तिथली पोरं माझ्या या तोंडाला टरकतात, आत्यांवर काडीचा परिणाम नाही. त्या खिडकीतून डोंगरउतारावरची भातखाचरं बघत होत्या आणि बांध किती नीट ठेवलेत त्याचं मनापासून कौतुक करत होत्या. देवळात शिरताना सगळ्यांच्या कमरेला लुंगीसारखं कापड गुंडाळत होते. लुगड्यावर आणि लुंगी कशाला, असं पुटपुटत आत्यांनी तीही गुंडाळून घेतली. देवळाला हरकत नाही, फुलाला तेवढी आहे, असं माझ्या मनात आलं आणि पुन्हा राग आला.

देऊळ बघून झालं आणि त्यांचे गुडघे दुखायला लागले. पायरीवर टेकल्या. शेजारी तिथलीच एक म्हातारी झाडाच्या पानांचे छोटे द्रोण करून त्यांत देवासाठी फुलं मांडत होती. केस पांढरेफेक आणि कानामागं हे एवढं चाफ्याचं फूल. आत्या तिच्याकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, हिला इचार, हिचे मालक हायेत का?

मी माझ्या शाळेतल्या इंग्रजीत आमच्या गाईडला विचारलं, गाईडनं त्यांच्या भाषेत तिला. म्हातारीनं वर आभाळाकडे हात केला. कधीच गेले.

आत्यांनी आवाज बारीक केला. "मग फूल कसं?"

मी गाईडला सांगितलं. त्यालाच कळेना, मला दोनदा विचारून घेतलं. त्यानं म्हातारीला सांगितलं. ती कपाळाला आठ्या घालून आम्हा तिघांकडे आळीपाळीनं बघत काहीतरी बोलली. गाईड म्हणाला, ती विचारतेय, नवरा गेला त्याचा फुलाशी काय संबंध?

मी ते मराठीत आत्यांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, तूच सांग म्हणून. मी तरी काय सांगणार होते? इंग्रजी सोडा, मला मराठीतही सांगता आलं नसतं.

म्हातारीला बहुतेक वाटलं, या बाईला फूल हवंय. तिनं टोपलीतलं एक निवडलं आणि आत्यांकडे वाकली. पण आत्या मागं सरकल्या नाहीत. डोळे मिटून घेतले त्यांनी. फूल लावून झाल्यावर त्यांचा हात कानापर्यंत गेला, पाकळ्यांना लागला आणि सावकाश खाली आला. मला रडू फुटलं, भर देवळात. आत्यांवर माझा एवढा जीव आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी खोलीवर ह्यांचा व्हिडिओ कॉल आला. फोन वाजला तसा आत्यांनी पदर डोक्यावरून पार कानापर्यंत ओढला. काय काय बघितलंस, म्हणून हे विचारत होते, त्या देवळं आणि भातखाचरं सांगत होत्या. हे म्हणाले, आई, तुझं तोंडच दिसंना, पदर जरा मागं घे.

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी पदर मागं घेतला.

पलीकडे ह्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, मागं गोठ्यात गाय हंबरली. मग हे म्हणाले,

"आई, घरी येताना अशीच ये."