न निघालेली माती

ते प्रकरण आठवलं की आजही जेवण गोड लागत नाही. नव्वदच्या दशकात मी बदलापूरला फौजदार होतो. अंबरनाथच्या पुढे जादा रेल्वेमार्गासाठी मातीचा भराव चालला होता. काम कुठवर आलं हे तपासायला मुंबईहून लेखापरीक्षक आले आणि चक्रावले. भरावासाठी माती काढलेला डोंगराखालचा खड्डा मापात भलता खोल, भराव मात्र एवढासा! मग माती गेली कुठे? शेजारच्या वाडीनं ती घरांसाठी चोरली, अशी फिर्याद ठेकेदाराच्या सुपरवायझरनं बेधडक ठोकली.

वाडीतली काही माणसं आम्ही चौकशीला आणून बसवली. दुपारी त्याच वाडीत राहणाऱ्या, खड्ड्यावरच्या मुकादमाची बायको पोलीस ठाण्यात आली. तीही त्याच खड्ड्यावर मजूर होती.

"माती कोनी नाय नेली, साहेब. ती निघालीच नाय."

खोदताना मधे मधे मूळ जमिनीचे खांब तसेच सोडतात. माथ्यापासून तळापर्यंत मोजलं की किती खोदलं ते कळतं. तिचं बोलणं पडताळायला पंचांसमक्ष मी एका खांबाचा माथा उकरायला लावला. वर हिरवंगार गवत, त्याखाली हातभर भुसभुशीत माती आणि त्या मातीखाली पुन्हा गवत, दबून कुजलेलं. चोरी झालीच नव्हती. जादा खोदाईचे पैसे उकळायला वर भर घालून खांबच उंच केले होते.

मुकादमानं फार ताणलं नाही. "सुपरवायझर सायबानी सांगितला, आमी केला."

सुपरवायझर बेरकी. "मी? कुणासमोर सांगितलं?"

इथेच घोडं अडलं. साहेबानं मुकादमाला सांगायचं, मुकादमानं मजुरांना, अशी कामाची रीतच होती. त्यामुळे प्रत्येक मजुराच्या जबाबात मुकादमाचंच नाव आलं. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही आणि सुपरवायझरविरुद्ध दुसरा पुरावा नव्हता. वाडीवरचा आळ गेला, सुपरवायझर सुटला आणि मुकादम आत गेला. त्या सुपरवायझरचं तोंड आठवलं की अजून डोकं फिरतं.

निकालाच्या दिवशी उल्हासनगरच्या कोर्टाबाहेर मुकादमाची बायको मला आडवी आली.

"मी वाडी सोडवाया आलते, साहेब. घरचा मानूस द्याया नाय."

तपास उत्तम झाला, असा वरिष्ठांनी शेरा दिला. मी मात्र एवढंच शिकलो, की खरं सांगणाऱ्याचं भलं होईलच, असं पोलिसानं गृहीत धरू नये. पुढे त्या वाडीत चोऱ्या झाल्या, मारामाऱ्या झाल्या. माझी बदली होईपर्यंत ठाण्याची पायरी तिथलं कुणी चढलं नाही.