बिनरंगी ठिपका

आमच्या ह्यांचा संशयावर भारी जीव. विजेचे मीटर तपासायची नोकरी, चोऱ्या पकडण्यात हयात गेली. निवृत्त झाले आणि ती तपासणी घरात आली. शेजारी सहज डोकावला तरी जाताना त्याच्या हातात काय आहे ते हे बघणार. माझा भाऊ एकदा चुकून ह्यांची छत्री घेऊन गेला, तर त्याला चोर ठरवून मोकळे. एकेक करत माणसं तुटली. येणारा उरला एकटा माझा भाचा, संगणक दुरुस्तीचं दुकान चालवणारा. तोही तुटला तर आमचं दार वाजवायला कुणी उरणार नव्हतं, आणि याची धास्ती फक्त मलाच.

गेल्या आठवड्यात त्यानं आमच्या संगणकाचा खडखडणारा पंखा बदलला. चालू करून दाखवला, चहा घेतला, गेला. संध्याकाळी हे बातम्या बघायला बसले तर इंटरनेट गायब.

"तरी मी म्हणत होतो," हे म्हणाले.

"काय म्हणत होता?"

"आतलं इंटरनेटचं चांगलं कार्ड काढून त्यानं दुसरंच घातलंय."

काहीतरीच काय बोलता, मी म्हटलं. पण ह्यांच्या डोक्यात एकदा किडा वळवळला की संपलं.

भाचा दुसऱ्या दिवशी आला. वायर बदलून झाली, कार्ड चालवणारा ड्रायव्हर प्रोग्राम पुन्हा टाकून झाला. पण आपल्याला नेटवर्क कार्ड बसवलंय याचा संगणकाला पत्ताच नाही. हे त्याच्या डोक्यावर उभे. त्यानं कार्ड बाहेर काढलं तसे म्हणाले, "आण इकडं. खूण बघतो."

"कसली खूण, काका?"

तेव्हा कळलं. पंखा बदलायच्या दिवशी सकाळीच ह्यांनी संगणकाचा डबा उघडून आतल्या एकेका भागावर माझ्या बिनरंगी नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. अदलाबदल झाली तर पकडायला! कार्डावरचा ठिपका कुणाला दिसू नये म्हणून कार्ड उपसून दिला होता खालच्या सोनेरी पट्टीवर. तीच पट्टी खाचेत बसते, तिच्यातूनच कार्ड संगणकाला जोडलं जातं, आणि वाळलेल्या पॉलिशमधून वीज काही जात नाही.

"आहे की," कार्ड उजेडात तिरकं धरून हे पुटपुटले. "आपलंच आहे."

भाच्यानं माझ्याकडून नेलपॉलिश काढायचं पाणी घेतलं, पट्टी पुसली, सुकू दिली, कार्ड बसवलं. इंटरनेट सुरू. आता तरी हे चार शब्द गोड बोलतील असं मला वाटलं. हे बातम्या लावून बसले.

"मनावर घेऊ नकोस रे," मीच म्हटलं.

"नाही गं मावशी." तो हसला, पण ते हसणं काही मला आवडलं नाही. दारापर्यंत गेला, चप्पल घातली, मग तसाच वळला आणि आपली पिशवी ह्यांच्यापुढं उघडी धरली. "काका, एकदा बघून घ्या. नंतर मनात शंका नको."

मला भुईनं पोटात घ्यावं असं झालं. मी ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. नको म्हणा, एवढं एकदाच नको म्हणा.

ह्यांनी चष्मा लावला आणि पिशवीत हात घातला.